तीन पेले अन् लाल झिरो बल्ब

क्राफ्ट बियर, म्हणजे छोट्या ब्रूअरीत बनणारी बियर, पिणारे चार जण एका टेबलाशी बसले की दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, याच्यात आंबा लागतोय, दुसरा म्हणतो आंबा नाही बे पेरू, तिसरा लिची, अन् चौथा, जो सगळ्यात जास्त यूट्यूब पाहतो, तो डोळे मिटून सांगतो की मागून देवदार, तंबाखू, ओली माती अन् थोडंसं चामडं येऊन राहिलं. आमच्या नागपूरच्या ग्रुपात तर यावरून एवढी जुंपते की बियर गरम होते पण वाद काही थंड होत नाही. खरंच लागतं का हे सगळं, की बोलायचं म्हणून बोलतात? दोन्ही. काही वास खरंच ग्लासात असतात, त्यांचे रेणू माहीत आहेत, नावं आहेत. अन् बरेचसे बाजूच्याच्या तोंडातून निघून आपल्या डोक्यात बसतात. हे दोन वेगळे काढायची एक पद्धत बियरवाल्यांनीच वापरात आणली अन् ती घरी करता येते, तिच्यावर येतोच, आधी ग्लासात काय असतं ते पाहू.

गव्हाची बियर घ्या, जर्मन पद्धतीची हेफेवायझेन. तिला पिकल्या केळ्याचा वास येतो, अन् तो मनाचा खेळ नाही. केळं कोणी टाकलेलं नसतं, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवतं तेव्हा सोबत आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं एक एस्टर बनवतं अन् पिकल्या केळ्याच्या वासातला मुख्य रेणूही तोच. (मधमाशी डंख मारल्यावर बाकीच्यांना जो धोक्याचा वास पाठवते त्यातही मुख्य हाच, तेव्हा मोहोळाखाली बसून हेफेवायझेन पिऊ नये असं मी तरी धरून चालतो.) त्याच बियरमध्ये लवंगही लागते. ती ४-व्हिनाइल ग्वायकॉलची. गव्हाच्या अन् जवाच्या दाण्यात फेरुलिक आम्ल असतं, काही जातींचं यीस्ट त्याचं हे बनवून टाकतं. खऱ्या लवंगेत असतं ते युजेनॉल, त्याच खानदानातलं. अन् गंमत पाहा, वायझेनमध्ये लवंग लागली तर वा वा, पण तीच साध्या लागरमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या फिक्या पिवळ्या बियरमध्ये लागली की ती बनवणारा ब्रूअर डोक्याला हात लावतो, टाकीत भलतं यीस्ट घुसलं म्हणून. रेणू तोच, अपेक्षा वेगळी.

बेल्जियन विटबियरमध्ये मात्र धने अन् संत्र्याचं साल खरोखर टाकतात. संत्रा म्हटलं की आपली छाती लगेच फुगते, पण तिथे वापरतात ते पारंपरिकपणे कडू जातीच्या संत्र्याचं सुकवलेलं साल, आपला गोड, सैल सालीचा संत्रा वेगळा. धन्यातला मुख्य सुगंधी रेणू लिनालूल, अन् बियरला कडूपणा अन् वास देणारी जी हॉप्स नावाची फुलं, त्यातल्या बऱ्याच जातींतही हाच असतो, म्हणून भरपूर हॉप्स टाकलेल्या एखाद्या आयपीए बियरमध्ये कोणाला धने लागले तर त्याला हसू नका, त्याच्याकडे पुरावा असू शकतो.

आता बिघाडाचे वास. माझ्या मते हे शिकणं जास्त कामाचं, कारण आंबा की पेरू यावर भांडण कधी मिटत नाही पण बिघाड बहुतेकांना एकदा दाखवला की पुढे आपोआप कळतो. लोण्यासारखा, सिनेमा हॉलच्या पॉपकॉर्नसारखा वास आला तर डायअसिटिल, यीस्टला शेवटची साफसफाई करायला पुरेसा वेळ दिला नाही की ते उरतं. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बियर जुनी झाली, ऑक्सिजन लागला, अन् त्यातला एक ओळखीचा गुन्हेगार ट्रान्स-२-नोनेनल. अन् सगळ्यात मजेशीर तो उन्हाचा. हॉप्स उकळताना त्यातली अल्फा आम्लं रूप बदलून आयसोह्युम्युलोन होतात, बियरचा कडूपणा मुख्यतः त्यांचा. बियरमध्ये रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ जीवनसत्त्वही असतं. उजेड पडला की रायबोफ्लेविन ती ऊर्जा घेतं, आयसोह्युम्युलोनचा एक तुकडा तुटतो, गंधकाशी जुळतो अन् ३-मिथाइलब्युट-२-ईन-१-थायॉल तयार होतं. नाव लांब असलं तरी त्याचा वास यायला एका लिटरमध्ये काही अब्जांश ग्रॅम पुरतात. अमेरिकेत याला स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात, आपल्याकडे तो प्राणीच नाही, म्हणून आपल्यातले कितीतरी लोक हिरव्या बाटलीतला तो उग्र गंधकी वास "इम्पोर्टेड बियरचा खास वास" म्हणून कौतुकाने घेतात. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी जवळपास नाहीच, कॅनमध्ये प्रश्नच नाही. अन् नागपूरच्या उन्हात गच्चीवर भरलेला काचेचा ग्लास ठेवला तर काही मिनिटांतच काम होतं. हा प्रयोग मुद्दाम करून पाहा, एकाच कॅनमधला एक ग्लास आत, एक बाहेर उन्हात, मंग दोन्ही परत सारखे थंड करून हुंगा.

आम्ही काय करतो, बसायच्या आधी छोट्या वाट्यांत लवंग, केळ्याची फोड, लोणी, उकडलेला मका, ओला पुठ्ठा अन् संत्र्याचं ताजं साल मांडून ठेवतो. एखादा म्हणाला लवंग लागतेय, तर वाटी नाकाशी धर अन् पुन्हा सांग. निम्मे दावे इथेच गळतात. अन् ते दहा-दहा वास सांगणारे जे असतात त्यांच्यासाठी एक जुनं संशोधन आहे, ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड लेंग यांनी १९८० च्या दशकात वासांची मिश्रणं करून लोकांना हुंगवली, सगळे वास आधी वेगवेगळे ओळखीचे करून दिलेले, तरी तीन-चारच्या वर घटक एकत्र आले की लोकांना ते सुटे ओळखता येईनात. तेव्हा एका घोटात आठ फळं मोजणाऱ्या भाऊला चहा पाजा.

अन् जिभेचा यात वाटा किती? नाक चिमटीत धरून घोट घ्या, कडू, गोड, आंबट अन् तो गॅसचा चावा एवढंच उरतं, केळं-लवंग-आंबा सगळं गायब, नाक सोडलं की परत हजर, कारण वास तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो. तो चावा बुडबुडे फुटल्यामुळे वाटतो असं आपण समजतो, पण कार्बन डायऑक्साइडचं पाण्यात आम्ल होतं अन् खरा चावा त्याचा आहे. जास्त दाबाच्या खोलीत, जिथे बुडबुडे बनतच नाहीत, तिथेही तो लागतो. जिभेवर हे आम्ल बनवून देणारं एक एन्झाइम असतं, कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज ४, त्याची भूमिका २००९ मध्ये दाखवली गेली. लेहला जाताना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी घेतलेल्यांना तिथे कोल्ड्रिंक अन् बियर मिळमिळीत का लागते त्याचं उत्तर इथेच, ती गोळी याच जातीच्या एन्झाइमला अडवते.

आता मुख्य गोष्ट, फसवणूक. २००१ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमधल्या एका प्रयोगात वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, फक्त तिला बिनवासाचा लाल रंग दिलेला. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेले लोकं होते बाप्पा, गल्लीतले नाही. अन् २००६ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड ली, शेन फ्रेडरिक अन् डॅन एरिएली यांनी बियरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे थेंब टाकून पबमधल्या लोकांना पाजली. आधी सांगितलं की यात व्हिनेगर आहे, तर बहुतेकांनी तोंड वाकडं केलं, काहीच सांगितलं नाही तर पुष्कळांना तीच जास्त आवडली, अन् पिऊन झाल्यावर सांगितलं तरीही आवड फारशी कमी झाली नाही. म्हणजे माहिती नंतरचं मत बदलत नव्हती, ती पिताना लागणारी चवच बदलत होती. मंग आपण लेबल पाहून, किंमत पाहून, गढूळ केशरी रंग पाहून "वा, ज्युसी आहे" म्हणतो तेव्हा नेमकं कोण बोलतं?

यावरचा उपाय म्हणजे ट्रँगल टेस्ट, १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीत ही पद्धत वापरात आली. तीन पेले, दोघांत एकच बियर, तिसऱ्यात वेगळी. प्रश्न एवढाच, वेगळा पेला कोणता? चांगली कोणती, महाग कोणती, ते विचारायचंच नाही. ओतणारा वेगळा, नेऊन देणारा वेगळा, म्हणजे ओतणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कोणी अंदाज काढत नाही. कोणाला वेगळा पेला पहिला, कोणाला मधला, कोणाला शेवटचा, अन् कधी ही बियर दोनदा तर कधी ती दोनदा. रंग लपवायला प्रयोगशाळांत लाल दिवे लावतात, आम्ही गणपतीच्या डेकोरेशनमधला लाल झिरो बल्ब लावतो अन् स्टीलचे पेले घेतो, रंगाचा प्रश्न मिटला. खोली थोडी भुताटकीची वाटते एवढंच.

आता हिशेब. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच. सहा जण बसले अन् चौघांनी बरोबर ओळखलं तर आपण लगेच खूश होतो, पण नुसत्या नशिबाने सहापैकी चार किंवा जास्त बरोबर यायची शक्यता सुमारे १० टक्के आहे, म्हणजे काही सिद्ध झालं नाही. पाच किंवा सहा बरोबर आले तर ती शक्यता २ टक्क्यांच्या खाली जाते, तेव्हा म्हणा की फरक खरंच आहे. थोड्याशा आकड्यांवरून किती छातीठोक बोलायचं हा प्रश्नही बियरवाल्यांना फार आधी पडला होता. डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीत विल्यम गॉसेट नावाचा माणूस कामाला होता, हाती नमुने मोजके अन् निर्णय मोठे, त्यातून त्याने १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने पेपर छापला, कारण कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती. आज बीएस्सीची पोरं जी टी-टेस्ट घोकतात ती हीच.

आमच्यात या टेस्टने झालं काय, की दोन नावाजलेल्या आयपीए ज्यांच्यावरून दोन पार्ट्या पडल्या होत्या त्या लाल उजेडात कोणाला धड वेगळ्या काढता आल्या नाहीत, अन् जिला सगळे "साधी" म्हणायचे ती गव्हाची बियर दुसऱ्या गव्हाच्या बियरपासून सगळ्यांनी बिनचूक काढली. पार्ट्या अजून आहेत, ते सोडा.

नागपुरात हे करायचं तर दोन-तीन अडचणी खास आपल्या. एक, तापमान. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना पहिला पेला अन् तिसरा पेला यांच्यात काही अंशांचा फरक सहज पडतो अन् मंग तुम्ही बियर नाही, थंडपणा ओळखता. शून्य अंशाला पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड मावतो त्याच्या जवळपास निम्माच २० अंशाला मावतो, वरून गरम बियरचे वास जास्त उडतात अन् गोडवाही जास्त जाणवतो. तेव्हा बाटल्या एकाच बर्फाच्या टबात अन् तिन्ही पेले एकदम ओता. अगदी चिल्ड मात्र नको, बर्फासारख्या थंड स्टाउटला, म्हणजे काळ्या बियरला, कसलाच वास नसतो. दोन, कूलर. वाळ्याची ताटी लावलेला कूलर सुरू असेल तर खोलीभर वाळा दरवळतो, दहा मिनिटांत नाकाला त्याची सवय होते अन् आपल्याला वाटतं वास गेला, पण बियरचे हलके वास त्याच्याखाली दबलेलेच असतात. एसी किंवा साधा पंखा लावा. तीन, सावजी. सावजी मटण अन् बियर ही जोडी मला जिवापाड प्रिय आहे पण टेस्टिंगच्या आधी नाही. तिखटातलं कॅप्सेसिन जे टीआरपीव्ही१ नावाचं ग्राहक (म्हणजे संवेदना पकडणारा रिसेप्टर) चेतवतं ते एरवी ४२ अंशांच्या आसपास "भाजलं" म्हणून ओरडतं, अल्कोहोलमुळे ते त्याहून कमी तापमानालाच ओरडायला लागतं, म्हणजे बियरने तिखट विझत नाही, उलट पेटू शकतं. विझवायचं असेल तर ताक, दूध. टेस्टिंगच्या वेळी साधे मुरमुरे अन् पाणी, बस.

एवढं करूनही सगळ्यांना सारखं लागणार नाही, कारण यंत्रंच वेगळी आहेत. कडू ओळखणारी सुमारे २५ प्रकारची ग्राहकं माणसात असतात अन् त्यांच्या जनुकांत माणसागणिक फरक असतो. वासाचंही तेच, काही लोकांना सांबार (म्हणजे कोथिंबीर) साबणासारखा लागतो, अन् त्याचा संबंध ओआर६ए२ नावाच्या जनुकाजवळच्या फरकाशी सापडलाय. त्यामुळे लेबलावरचा आयबीयू, म्हणजे कडूपणाचा आकडा, पाहून "साठ आहे, झेपणार नाही" असं ठरवू नका. तो आकडा प्रयोगशाळेत प्रकाश किती शोषला जातो त्यावरून काढतात, त्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या धान्याचा, गोडवा धरलेला नसतो, म्हणून ६० ची गोडसर स्टाउट ४० च्या कोरड्या पिल्सनरपेक्षा नरम लागू शकते. कडूपणा जिभेवर चिकटून राहतो म्हणून हलकीपासून जडकडे जायचं, आयपीए आधी घेतली तर मागून येणाऱ्या विटबियरचं काही खरं नाही.

माप प्रत्येकी ६० मिली पुरे. सहा बियर झाल्या तरी ३६० मिली, म्हणजे आपल्याकडच्या ३३० मिलीच्या पिंटाहून जराशी जास्त. तरी गाडीला हात लावायचा नाही, ५ टक्क्यांच्या ३३० मिलीत सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं अन् वासाच्या नादात दुसरा राउंड कधी होतो ते कळत नाही. आमच्यातला एक जण वर्ध्याचा, तिकडे दारूबंदी, तो आला की मुक्कामालाच येतो. पुढच्या बैठकीला त्याचाच हट्ट आहे की एकाच ब्रूअरीची, एकाच तारखेची कॅनमधली अन् बाटलीतली बियर लाल दिव्याखाली लावायची. मी म्हणतो फरक लागणार नाही, तो म्हणतो कॅनचा धातू लागतोच. कॅनला आतून अस्तर असतं हे त्याला सांगून पाहिलं, पण तो ऐकत नाही, म्हणतो पेले मांड.