दलित ईशज्ञान

दलित ईशज्ञान (दलित थिऑलॉजी) : जातिव्यवस्थेने बहिष्कृत ठरविलेल्या समाजाच्या अनुभवातून देव, ख्रिस्त आणि मुक्ती यांचा अर्थ लावणारी भारतीय ख्रिस्ती विचारधारा. जातीविरुद्धचा लढा हे ख्रिस्ती माणसाचे निव्वळ समाजकार्य नसून त्याच्या श्रद्धेचाच गाभा आहे, ही तिची मुख्य भूमिका.

तिच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ख्रिस्ती ईशज्ञानाचे अभ्यासक अरविंद निर्मल यांनी एप्रिल १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेले व्याख्यान हा प्रारंभ बहुधा मानला जातो. मात्र त्या व्याख्यानात त्यांनी ‘शूद्र ईशज्ञान’ अशी मांडणी केली होती. ‘दलित’ हे विशेषण त्यांनी नंतर स्वीकारले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरमुळे आणि महाराष्ट्रातील दलित साहित्यामुळे ते तोवर देशभर रुजू लागले होते. यामुळे काही अभ्यासक १९८० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या दलित ख्रिस्ती चळवळींना अधिक महत्त्व देतात. दुसरे मत आणखी मागे जाते. १८७३ च्या सुमारास पंजाबातील सियालकोट (आता पाकिस्तानात) परिसरात दित्त नावाच्या चुहडा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील माणसाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याच्यामागे त्याच्या जातीतील हजारो लोक ख्रिस्ती झाले. केरळात पोयकयिल योहन्नान (१८७९–१९३९) यांनी चर्चमधील जातिभेदाला उघड आव्हान दिले. या लोकांनी ग्रंथ लिहिले नाहीत म्हणून त्यांचे धर्मचिंतन नाकारणे योग्य नव्हे. विद्यापीठीय शाखा १९८१ नंतरची आणि तिचा अनुभव त्याहून बराच जुना, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

गरिबांच्या मुक्तीच्या दृष्टीने ख्रिस्ती श्रद्धेचा अर्थ लावणाऱ्या, लॅटिन अमेरिकेतील मुक्तिवादी ईशज्ञानाचे (लिबरेशन थिऑलॉजी) ऋण अभ्यासक सामान्यतः मान्य करतात. निर्मल यांचा आक्षेप असा, की त्या विचाराचे वर्गविश्लेषण भारतात अपुरे पडते, कारण ते जातीपर्यंत पोहोचत नाही. त्यापूर्वीचे भारतीय ख्रिस्ती चिंतन (उदा., बंगाली ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांचे) वेदान्ताशी संवाद साधत राहिले आणि बहुसंख्य श्रद्धावंतांच्या वाट्याला आलेले जगणे त्यात उमटले नाही, ही त्यांची दुसरी तक्रार.

निर्मल यांच्या मांडणीचा आधार बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ (ड्यूटरॉनॉमी) या पुस्तकातील २६:५–९ हे श्रद्धेचे निवेदन आहे. इस्राएली माणूस तेथे आपला पूर्वज भटका अरामी असल्याचे सांगतो. दलित ख्रिस्ती माणसाच्या पूर्वजाला ते भटकण्याचे स्वातंत्र्यही नव्हते, असे निर्मल दाखवून देतात : पाऊलखुणा पुसल्या जाव्यात म्हणून त्याच्या कमरेला झाडाची फांदी बांधली जाई आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकविले जाई. वेदना हा येथे ज्ञानाचा मार्ग ठरतो. येशू स्वतः दलित होता, हे निर्मल यांचे गाजलेले विधान. त्यासाठी ते त्याची वंशावळ, नाझरेथच्या सभास्थानात त्याने केलेली दीनदलितांच्या मुक्तीची घोषणा (लूककृत शुभवर्तमान ४:१८) आणि क्रुसावरील परित्यक्ततेची आर्त हाक यांचा दाखला देतात. हे ईशज्ञान दलितांनीच रचावे, या त्यांच्या आग्रहावर पुढे टीका झाली. सत्यनाथन क्लार्क यांनी ग्रंथांपेक्षा तमिळनाडूतील परैयर समाजाच्या वाद्याला, पारंपरिक ढोलाला, चिंतनाच्या केंद्रस्थानी आणले.

चर्चच्या आतील भेदभावावर ही विचारधारा थेट बोट ठेवते. तमिळनाडूत काही ठिकाणी वेगळी आसने आणि वेगळ्या दफनभूमी होत्या. धर्मांतराने ख्रिस्ती समाजातील जात पुसली नाही आणि धर्मांतरिताला त्याच्या अवनतीचे कारण समाजरचनेऐवजी आदिपापात (मानवाला जन्मतःच लाभलेल्या पापात) शोधायला शिकविले गेले, असे बाबासाहेब आंबेडकरांनी आधीच लिहिले होते. या आरोपाला उत्तर देण्याची नैतिक जबाबदारी दलित ईशज्ञानाने स्वीकारली, यातच त्याचे मोठेपण आहे.

महाराष्ट्रात अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनचे काम आणि नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसविलेले बेथेल गाव ही महार-मांग ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातील महत्त्वाची ठिकाणे होत. दलित स्त्रियांच्या प्रश्नावर सामाजिक कार्यकर्त्या रूथ मनोरमा यांचे कार्य उल्लेखनीय आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती व मुस्लिम दलितांचा झाला नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माधारित अट काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने याच प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला.