विलायती रायफलींचे भाव एवढे का चढतात?

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या जुन्या घराण्यांत वाटण्या होतात, तेव्हा जमीनजुमल्याबरोबर एखादी विलायती रायफलही निघते. तिचा भाव ऐकून घरातली तरुण पोरे चकित होतात. रायफल शंभरेक वर्षांची, ज्या शिकारीसाठी घडवली ती शिकार कायद्याने बंद, तरीही इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या कोऱ्या .315 मापाच्या रायफलीपेक्षा कितीतरी पटीने महाग. कारागिरीचे मोल आहेच. पण भाव चढलाय तो मुख्यतः कायद्यांमुळे, आणि ती गोष्ट बरीच मागे जाते.

1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे इथे मोठी छावणी वसली. खानापूर-दांडेलीचे रान छावणीतल्या साहेबांच्या हाताशीच होते. भोवती संस्थाने होती: कोल्हापूर, सावंतवाडी, मुधोळ, जमखंडी, रामदुर्ग. दाजीपूरचे जंगल हे तर कोल्हापूर दरबारचे शिकारीसाठी राखलेले रान. वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड अँड हॉलंड, जॉन रिग्बी या बंदूक घडवणाऱ्या कंपन्यांना हिंदुस्थानातले राजेरजवाडे म्हणजे हक्काचे गिऱ्हाईक. सामान्य रयतेला मात्र 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. युरोपीय लोकांना त्यातून सूट होती. म्हणजे उत्तम रायफल मूठभरांच्याच हाती असायची, ही घडी तेव्हापासूनची आहे.

त्याच काळातली एक गोष्ट आजच्या भावाशी थेट जोडलेली आहे. लष्करी काडतूस बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात .450 बोअरच्या, म्हणजे त्या मापाच्या नळीच्या, रायफलींवर बंदी घातली. विलायतेतल्या कंपन्यांनी लगोलग .465, .470 अशी वेगळी मापे काढली. लष्कराची .303 नागरिकांना नको म्हणून .315 चे माप रुजले. ‘प्रोहिबिटेड’ (सामान्यांना मनाई असलेले) आणि ‘नॉन-प्रोहिबिटेड’ (परवान्यावर मिळणारे) बोअर ही आज परवान्यावर दिसणारी विभागणी त्याच भीतीतून पुढे चालत आली. रायफल घ्यायची तर आजही पहिला प्रश्न मापाचाच असतो.

स्वातंत्र्यानंतर माल येण्याची वाट एकेक करून बंद होत गेली. 1956 च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारच्या हाती ठेवली. त्याच सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि चैनीच्या वस्तूंची आयात आवळली गेली. जून 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, पौंड सव्वातेरा रुपयांच्या आसपास होता तो एकदम 21 वर गेला. परदेशातून काही मागवणाऱ्याला तीच वस्तू एका रात्रीत दीडपटीहून महाग झाली. पुढे 1980 च्या दशकाच्या मध्यावर, देशात दहशतवाद वाढलेला असताना, सर्वसामान्य परवानाधारकासाठी शस्त्रांची आयात बंदच झाली. नामांकित नेमबाज आणि रायफल क्लब यांना खेळापुरती सवलत राहिली. परदेशातला मुक्काम हलवून कायमचे परतणाऱ्याला स्वतःचे एक शस्त्र आणता येते, पण त्यावर भरभक्कम शुल्क पडते आणि ते हयातभर विकता येत नाही.

थोडक्यात, देशात आधी आलेल्या तेवढ्याच रायफली. त्यांतल्या काही गंजतात, काही पोलिसांत जमा होऊन पडून राहतात, नव्या येत नाहीत. बांध घातलेल्या तळ्यासारखी ही स्थिती आहे: पाणी आटते, भर पडत नाही. मागणी जराशी वाढली तरी भाव उडी घेतो.

कस्टम्सने जप्त केलेली विदेशी शस्त्रे हा एक झरा होता. पण ती बरीच वर्षे खासदार आणि बड्या अधिकाऱ्यांना विकली जात होती, हे माहिती अधिकारातून बाहेर आले. हा सरळसरळ अन्याय होता, असे मला वाटते. ज्याच्या शेतात डुक्कर घुसते त्याचा नंबर त्या रांगेत कधीच लागला नाही.

शिकारीचा कायदाही बदलत गेला. आपला भाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात, म्हणून 1951 चा मुंबईचा वन्यप्राणी कायदा इथे लागू होता. राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला गेला. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली सोयही संपली. 2011 मध्ये खानापूरचे भीमगड अभयारण्य झाले. हे सगळे योग्यच झाले. पण त्याचा भावावर उलटा परिणाम झाला: रायफल वापराची वस्तू राहिली नाही, जपायची आणि मिरवायची वस्तू झाली.

जाणकार गिऱ्हाईक दुकानात काय करतो ते पाहावे. आधी बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरतो आणि आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, बघतो. कणकुंबी-जांबोटीच्या पावसाळी हवेत, तेल न लावता पेटीत ठेवलेल्या रायफलीच्या नळीत खड्डे पडलेले असतात. मग प्रूफचा, म्हणजे नळीची चाचणी झाल्याचा शिक्का, मग दस्त्याचे लाकूड. आणि शेवटी खरा प्रश्न, काडतूस मिळते का? .315 आणि .30-06 ची काडतुसे देशी कारखान्यांत होतात, त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या विलायती .30-06 ला सर्वाधिक ओढा. .404 किंवा .275 रिग्बी दिसायला कितीही देखणी असो, तिची काडतुसे शोधत फिरावे लागते. भाव सांगणारे हे सहसा सांगत नाहीत, म्हणून घेणाऱ्याने आपण होऊन विचारावे.

शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाने तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवायची अट आली. जादाची शस्त्रे बाजारात येऊन भाव पडतील, असे वाटणे साहजिक होते. पण ज्याच्याकडे दोनच जागा आहेत तो त्यांत चांगलीच वस्तू ठेवतो. साध्या बंदुका निघाल्या, विलायती रायफली घरातच राहिल्या. शिवाय 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरी गाठलेल्या किंवा 25 वर्षे शस्त्र बाळगलेल्या परवानाधारकाला ते वारसाच्या नावे करता येते. मग विकायला काढतो कोण?

या सगळ्यात शेतकरी कुठे आहे? 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे. खानापूर तालुक्यात भात आणि ऊस राखणाऱ्याच्या हाती तीच असते. शेजारी लष्करातून निवृत्त झालेला कुणी असेल तर त्याच्याकडे बारा बोअरची दुनाळी, तीही बँकेतल्या पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी. निवडणूक लागली की हीच हत्यारे ठाण्यात जमा करायचे हुकूम निघतात, आणि नेमके तेव्हा पीक उभे असेल तर राखण काठी आणि फटाक्यांवर येते. रानडुकराचा त्रास असह्य झाला तरी गोळी झाडायला वन्यजीव कायद्याच्या 11 व्या कलमाखाली लेखी परवानगी लागते. रायफलींच्या भावाची चर्चा रंगते तेव्हा या माणसाचा विषयही निघत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

वारसाहक्काने रायफल आलेल्यांनी एवढे करावे. परवानाधारक गेल्यावर शस्त्र लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, मग वारसा-परवान्याचा अर्ज करावा. विकायचे असेल तर कायद्याप्रमाणे 45 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला कळवावे लागते. गिऱ्हाईक शिनोळी किंवा कागलचे, म्हणजे पलीकडच्या राज्यातले असेल, तर दोन्ही जिल्ह्यांचे कागद जुळल्याशिवाय रायफल घराबाहेर काढू नये. सीमेवरच्या माणसाला रस्ता ओलांडणे रोजचे असते, पण परवान्यावर लिहिलेले क्षेत्र संपले की तीच रायफल बेकायदा ठरते.