कंबर कोणाच्या हाती द्यायची: फिजिओथेरपिस्ट की कायरोप्रॅक्टर?

नागपूरला कळमन्याच्या धान्यबाजारात आवकीच्या दिवसांत कंबर धरलेला हमाल शोधावा लागत नाही. ट्रकच्या फाळक्यावरून पोतं पाठीवर घ्यायचं, चार पावलं चालून वळायचं, थप्पीवर टाकायचं आणि परत यायचं. ओझं अंगाशी धरून सरळ उचललं तर कंबर बरंच सोसते. वाकलेल्या अवस्थेत ओझ्यासकट पिळलं की कधीतरी चमक भरतेच. मग ज्याच्या-त्याच्याकडे सल्ला तयार असतो. कोणी मालिश सांगतं, कोणी पायाळू माणसाची लाथ खाऊन यायला सांगतं, आणि हल्ली मोबाइलवर व्हिडिओ दाखवून सांगतात, ‘हाड बसवून घे, कटकन आवाज आला की मोकळा.’

या व्हिडिओंमुळे फिजिओथेरपिस्ट आणि कायरोप्रॅक्टर हे दोघं लोकांच्या मनात एक झाले आहेत. दिसायला सारखंच दिसतं म्हणा: दोघंही टेबलावर झोपवतात, मणक्यांवर हात फिरवतात, दाब देतात. पण रोजीवर पोट असलेल्या माणसाने पैसे मोजण्याआधी यातला फरक समजून घ्यायलाच हवा.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात 1895 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी केली. मणका जागेवरून किंचित हलतो, नस अडते आणि त्यातून बहुतेक आजार होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. या म्हणण्याला विज्ञानाचा आधार मिळाला नाही. आज परदेशातले बरेच कायरोप्रॅक्टर पाठ आणि मानेपुरतंच काम करतात, व्यायामही देतात, आणि अनेक देशांत त्यांना परवाना लागतो. भारतात मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पाटीवर हा शब्द दिसला की मूळ पदवी कोणती, हा पहिला प्रश्न. अनेकदा आतला माणूस फिजिओथेरपिस्टच असतो आणि त्याने वर एखादा छोटा कोर्स केलेला असतो. कधी तेवढंही नसतं.

फिजिओथेरपिस्टचं शिक्षण बारावीनंतर इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचं राहिलं आहे. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेकडे होते आणि आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी झालेल्या 2021 च्या केंद्रीय कायद्यातही हा व्यवसाय आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नका. हातांचे उपचार त्यांनाही येतात. हळूहळू वाढवत दिलेला दाब, ताण, काही जण झटकाही देतात. पण त्यांच्या शास्त्रात हात हा उपचाराचा एक भाग आहे, बाकी भर हालचालीवर आणि व्यायामावर.

आता त्या ‘कट’ आवाजाबद्दल. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडतानाही तोच येतो, आणि एकदा आला की तोच सांधा साधारण 20 मिनिटं परत वाजत नाही. हाड सरकलं होतं आणि बसलं, असा त्याचा अर्थ नाही. झटक्यानंतर मोकळं वाटतं हे खरं आहे, कारण स्नायूंचा ताण आणि दुखण्याची जाणीव काही वेळ उतरते. पायाळू माणसाच्या लाथेचं यशही समजण्यासारखं आहे. अचानक भरलेली बहुतेक चमक काही आठवड्यांत आपसूक उतरते. मधल्या काळात ज्याचा हात किंवा पाय लागला, श्रेय त्याला जातं.

म्हणजे झटका निरुपयोगी? तसंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि दुखण्याबद्दलची नीट माहिती यांच्यासोबत मणक्यांचे हाताने केलेले उपचार आणि मालिशही आहे. फायदा मध्यमच, इतर चांगल्या उपचारांइतका. त्याच सूचनांत ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं), अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्सची करंटची मशीन आणि कमरेचा पट्टा सरसकट वापरू नये असं म्हटलं आहे. फिजिओथेरपीच्या कितीतरी क्लिनिकमध्ये नेमकं हेच चालतं. मशीन लावून पडून राहायचं आणि पैसे देऊन निघायचं. पदवी खरी असली तरी याला मी चांगला उपचार म्हणणार नाही.

चांगली तपासणी कशी असते ते सांगते. तुम्ही पाठीवर झोपता, तपासणारा गुडघा न वाकवता एक पाय हळूहळू वर उचलतो आणि कळ मांडीखाली, पोटरीत उतरते का विचारतो. पायाचा अंगठा त्याच्या बोटाविरुद्ध वर ढकलायला लावतो, टाचांवर चालायला सांगतो, पायाला स्पर्श कुठे कमी जाणवतो ते पाहतो. मग उभं करून म्हणतो, ‘पोतं कसं उचलता ते करून दाखवा.’ ही विचारणा होईल तिथे कंबर सोपवायला हरकत नाही. दार उघडल्यापासून दहा मिनिटांत झटका आणि दहा सिटिंगचे पैसे आगाऊ, असं असेल तर उठून या.

‘एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी सरकली दिसते’ म्हणून घाबरवणारेही दोन्हीकडे भेटतात. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा चाळिशीतल्या सुमारे निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते. त्या एका चित्रावरून कामावर परत जायचं की नाही हे ठरत नाही.

मात्र काही खुणा दिसल्या तर कोणाच्याच हाताखाली जाऊ नका. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत-बैठकीच्या भागात बधिरता आली, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांचा अपघात विभाग गाठा, रात्र असली तरी. ताप, कमी होणारं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर आधी डॉक्टर; आपल्याकडे मणक्याचा टीबी आहे, तो मालिशमध्ये झाकला जातो. उंचावरून पडल्यावर, पूर्वी कर्करोग झालेला असल्यास, हाडं ठिसूळ असल्यास किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ चालू असल्यास झटका घेऊच नये. आणि कंबरेसाठी गेलेल्या माणसाची मान कोणी झटक्याने फिरवू लागला तर हात धरून थांबवा. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मानेतून जाते. तिला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण कमी आहे, पण कंबरेच्या दुखण्यापायी तो धोका कशाला?

साध्या चमकेसाठी माझं मत स्पष्ट आहे: नोंदणी असलेला फिजिओथेरपिस्ट. खाजगीत परवडत नसेल तर मेडिकलमध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण देणारं केंद्रच आहे. खाटेवर आठवडाभर पडून राहू नका. झेपेल तेवढं चालत राहा. पहिल्याच भेटीत त्याच्याकडून तीन गोष्टी ठरवून घ्या. घरी रोज कोणता व्यायाम, किती किलोपासून ओझं परत सुरू करायचं, आणि किती आठवड्यांत फरक पडला नाही तर पुढे कोणाला दाखवायचं. हमालीत हलकं काम मागून मिळत नाही हे मला माहीत आहे. तरी सुरुवातीला थप्पीवर टाकण्याऐवजी हातगाडी ओढण्याचं काम टोळीतल्या माणसांशी बोलून बदलून घेता येतं, आणि 50 किलोचं पोतं एकट्याने न घेता दोघांनी धरता येतं.