बँकॉकला निघण्याआधी: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

तिकीट, हॉटेलचा कागद आणि विमा यांच्यासोबत हे पत्रक तुमच्या पाकिटात घातलं आहे. बाकीचं विमानात वाचलंत तरी चालेल, पहिला भाग मात्र घरीच वाचा.

घरातून निघताना

थायलंडनं १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र सक्तीचं केलं आहे. उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. शोधायला गेलात की सरकारी वाटणाऱ्या भलत्याच साइट समोर येतात आणि डॉलरमध्ये फी मागतात. तिथे कार्डाचा नंबर टाकू नका. आमच्याकडून सहल घेतली असेल तर हे पत्र आम्हीच भरून देतो. व्हिसाचं म्हणाल तर जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवसांपर्यंत व्हिसामाफी मिळाली, पण हे नियम मधूनमधून बदलतात. शेजारी मागच्या वर्षी कसे गेले यावर विसंबू नका, तिकीट काढण्याआधी आम्हाला फोन करा.

ई-सिगारेट घरीच ठेवा. तिथे ती बेकायदा आहे आणि पर्यटक म्हणून कुणी सूट देत नाही.

पैशांसाठी थोडे बात (थायलंडचं चलन) इथूनच न्या, बाकीचे तिथे. एटीएमला दर वेळी साधारण २२० बात कापले जातात, म्हणून पाचशे-पाचशे काढत बसण्यापेक्षा एकदाच काय ते काढा. मशीन ‘रुपयांत हिशोब करू का’ असं विचारतं तेव्हा ‘नको’ म्हणा, त्यांचा दर महागात पडतो. सुवर्णभूमी विमानतळावर पैसे बदलायचे तर तळमजल्याच्याही खाली, रेल्वे स्टेशनालगतच्या खिडक्यांवर वरच्यापेक्षा बरा भाव मिळतो.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. येताना एकावर उतरून परतीचं विमान दुसऱ्यावरून असू शकतं, तेव्हा तिकीट नीट वाचा. सुवर्णभूमीवरून शहरात जायला एअरपोर्ट रेल लिंक आहे. शेवटच्या फया थाई स्टेशनापर्यंत साधारण अर्धा तास लागतो, तिकीट ४५ बात. मोठ्या बॅगा आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर सरळ मीटरची टॅक्सी घ्या. मीटरवर विमानतळाचे ५० बात आणि टोल वेगळा द्यावा लागतो, ती फसवणूक नाही.

शहरात मात्र रस्त्याच्या नादी लागू नका. संध्याकाळी सुखुमवित रस्त्यावर पाच किलोमीटरला तास लागलेला आम्ही पाहिला आहे आणि मीटर चालूच राहतो. डोक्यावरून धावणारी स्कायट्रेन १९९९ मध्ये सुरू झाली, जमिनीखालची मेट्रो २००४ मध्ये. दोन्हींची तिकिटं वेगळी, हे लक्षात ठेवलं की गोंधळ संपला. हॉटेल निवडताना आम्ही आधी एकच गोष्ट बघतो: स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर आहे का? तरणतलाव, नाश्ता वगैरे त्यानंतर.

पत्ता शोधताना सोईचे नंबर फसवतात. सोई म्हणजे गल्ली. रस्त्याच्या एका बाजूला विषम नंबर, दुसऱ्या बाजूला सम. सोई ११ समोर सोई १२ असेलच असं नाही, ती बरीच पुढे-मागे निघू शकते. म्हणून हॉटेलचं नाव थाई लिपीत लिहिलेलं कार्ड पाकिटात आहे, ते खिशातच असू द्या.

आणि नदी. चाओ फ्रया नदीवरची बोट हे बँकॉकचं सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात सुंदर वाहन. स्कायट्रेनच्या सफान ताक्सिन स्टेशनावर उतरलात की खाली साथॉर्न धक्का आहे. तिथे पर्यटकांच्या महागड्या बोटीकडे तुम्हाला गोड बोलून वळवतील. तुम्ही केशरी झेंड्याची बोट विचारा, तिकीट साधारण १६ बात. कंडक्टरबाई हातातली पत्र्याची लांब डबी खुळखुळवत येतात. आपल्या एसटीत मास्तर तिकिटाचा पंच टकटकवत यायचे, अगदी तसं. मागे उभा असलेला माणूस शिट्ट्यांवर चालकाला बोट धक्क्याला लावायला सांगतो. बोट जेमतेम टेकते तोवर लोक उतरतात, चढतात आणि ती निघतेसुद्धा. त्यामुळे आपला धक्का येण्याआधीच दाराशी या.

राजवाडा आणि ‘आज बंद आहे’

राजवाडा (ग्रँड पॅलेस) सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकिटं साडेतीनपर्यंतच मिळतात. तिकीट ५०० बात आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही. हाफपँट घालून आलेल्यांना दारातून परत पाठवतात.

आता नीट ऐका. दाराच्या थोडं अलीकडे इस्त्रीचा शर्ट घातलेला, चांगलं इंग्रजी बोलणारा गृहस्थ भेटेल. म्हणेल, आज पूजा आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद, तोवर माझ्या ओळखीचा टुकटुक (तिथली रिक्षा) तुम्हाला वीस बातमध्ये चार देवळं दाखवेल. देवळांच्या मध्ये रत्नांचं एक दुकान लागतं आणि सगळा खेळ त्या दुकानासाठीच असतो. आमच्या एका गटातले निवृत्त हेडमास्तर, आयुष्यभर पोरांच्या थापा पकडलेले, तेही नीलमच्या अंगठीपर्यंत पोहोचले होते. बायकोनं हात धरून बाहेर काढलं म्हणून वाचले. राजवाडा उघडा की बंद हे फक्त तिकीट खिडकीवर जाऊन बघायचं.

आत पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. त्याभोवतीच्या ओवऱ्यांत रामकथेची १७८ भित्तिचित्रं आहेत, त्यांच्याकडे लोक घाईत बघतच नाहीत. आपण मराठी माणसं तिथे रेंगाळलो तर बरं, कारण कुठलाही प्रसंग गाइडशिवाय ओळखू येतो. एक धक्का मात्र बसतो: त्यांच्या रामकथेतला मारुती ब्रह्मचारी नाही! आजींना हे आधी सांगून ठेवा.

जवळच ‘वाट फो’मध्ये (‘वाट’ म्हणजे देऊळ) ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध आहे. त्याच्यासमोरच्या था तियेन धक्क्यावरून बोटीनं दोन-चार मिनिटांत नदीपलीकडे ‘वाट अरुण’. एवढ्या तीन गोष्टी एका दिवसाला पुष्कळ झाल्या. दुपारी बारा ते तीन उन्हात हिंडण्याचा हट्ट करू नका. दमट हवेत मुंबईकरसुद्धा लोळतो.

खाण्याचं

शाकाहारींची खरी अडचण मांसाची नसून माशाच्या रसाची आहे. ‘नाम प्ला’ नावाचा हा रस भाजीत, भातात, कोशिंबिरीत, कुठेही असतो. ‘व्हेज’ म्हटलं की मांसाचे तुकडे काढतील, रस तसाच. दोन शब्द शिका. एक ‘मंगसविरत’, म्हणजे आपलं मांसविरती. दुसरा ‘जे’: पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की तिथे मांस, मासे, अंडी आणि दूध नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींना ते सोयीचं, पण कंदमुळं असू शकतात, ते विचारून घ्या. पाकिटातलं पिवळं कार्ड थाईमध्ये हेच सांगतं, ते पुढे करा. आपला उच्चार कितीही घोटवला तरी तिथला स्वर चुकतोच. चारेक दिवसांनी वरण-पोळीची आठवण आली तर फाहुरात भागात भारतीय हॉटेलं आहेत.

ब्रेडच्या पाकिटावर २५६९ असं साल पाहून एका ताईंनी दुकानदाराला बरंच सुनावलं होतं. ते बुद्धाब्द आहे. त्यातून ५४३ वजा करा.

वागणं

राजघराण्याबद्दल थट्टा, टीका, मीम काहीही नको. त्याला तीन ते पंधरा वर्षांची कैद होऊ शकते. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की स्टेशनातली गर्दी जागच्या जागी थांबते, तुम्हीही थांबा. भिक्षूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नका.

गणपतीला मात्र मनसोक्त भेटा. हुआय ख्वांगच्या चौकात त्याचं ठाणं आहे, तिथले लोक त्याला ‘फ्रा फिखानेत’ म्हणतात.

काही अडलं तर पर्यटक पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९. भारतीय दूतावास सुखुमवित सोई २३ मध्ये आहे. मग आम्हाला फोन करा, कितीही वाजता. तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे, आमची झोपमोड झाली तरी चालेल.

परतताना

सुवर्णभूमीवर इमिग्रेशन ओलांडलं की समुद्रमंथनाचं मोठं शिल्प दिसतं. तिथे फोटो काढा, पण बॅगेवरून हात काढू नका. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सारख्या येतात. पकडलेल्यांतले काही जण ‘ओळखीच्यानं पिशवी दिली होती’ असं सांगतात. कुणी चॉकलेटचं पाकीट जरी ‘फक्त मुंबईपर्यंत’ म्हणून दिलं, तरी घेऊ नका. नाही म्हणायला अवघड वाटलं तर आमचं नाव सांगा: टूरवाल्यांनी मनाई केली आहे.