परम्याच्या जंतूचा उपसा पंप

'अमक्या पाल्याच्या अर्काने परमा बरा, प्रयोगशाळेत सिद्ध!' असा मजकूर वर्षातून दोन-तीनदा तरी मोबाईलवर येतो. सोबत काचेच्या बशीचा फोटो: जंतूंची साय, तीत अर्क लावलेली चकती, चकतीभोवती स्वच्छ रिंगण, म्हणजे तिथले जंतू मेले. फोटो बहुधा खराच असतो. पण चकतीला साबणाचं पाणी लावलं तरी रिंगण पडेल.

परम्याचा म्हणजे गोनोरियाचा जंतू आल्बर्ट नायसरने 1879 साली शोधला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये या रोगाच्या 8.2 कोटी नव्या लागणी झाल्या. सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सगळ्यांना हा जंतू पुरून उरला. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनावर. तेव्हा वनौषधी तपासणं रास्तच आहे. अडतं ते मात्रेपाशी. अर्काला मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम लागत असेल, तर माणसाच्या पाच लिटर रक्तात पाच ग्रॅम अर्क टिकून राहायला हवा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं काम याच्या हजारो पटींनी कमी मात्रेत होतं.

मला खरी गंमत वाटते ती दारुहळदीची. तिचा पिवळा रंग बरबेरिनचा. बरबेरिनच्या रेणूवर धन भार असतो आणि जंतूच्या पेशीची आतली बाजू ऋण, त्यामुळे तो आपसूक आत ओढला जातो. मग जंतू पटापट मरायला हवेत. तसं होत नाही, कारण जंतूकडे उपसा पंप असतात. परम्याच्या जंतूचा नॉर-एम नावाचा पंप बरबेरिन बाहेर फेकतो. त्याहून दांडगा पंप एमटीआर. या जंतूच्या पेशीला दोन पटलं, म्हणजे पातळ पापुद्रे असतात. पंपाचे तीन भाग: डी आतल्या पटलात, ई बाहेरच्या पटलात, आणि दोघांना जोडणारा सी. आत घुसू पाहणाऱ्या प्रोटॉनच्या रेट्यावर तो चालतो. एमटीआर-आर नावाचं प्रथिन त्याच्या जनुकांवर लगाम ठेवतं. उत्परिवर्तनाने तो लगाम सुटला की पंपांची संख्या वाढते. हा पंप आपल्या औषधांसाठी घडलेला नाही. शरीरातली मेदाम्लं आणि पित्तक्षार उपसायला तो कामी येतोच. आपली औषधं त्याच वाटेने बाहेर जातात.

वनस्पतीही कमी नाहीत. दारुहळदीच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांत स्टर्मिट्झ, लुईस आणि सहकारी संशोधकांना एक रेणू सापडला, तो त्यांनी 2000 साली जाहीर केला. तो एकटा जंतूला काही करत नाही, फक्त स्टॅफिलोकॉकस नावाच्या दुसऱ्या एका जंतूचा नॉर-ए पंप तुंबवतो. मग बरबेरिन आत साठतं आणि जंतू मरतो. बरबेरिन शुद्ध करून घेतलं की हा जोडीदार चोथ्याबरोबर जातो. 'अख्खी वनस्पतीच गुणकारी' म्हणणाऱ्यांनी एवढ्यावर हुरळून जाऊ नये. हा पंप वेगळ्या जंतूचा, आणि तोही बशीतला.

गरमीच्या म्हणजे सिफिलिसच्या बाबतीत तर बशीही नाही. तिचा जंतू साध्या बशीत वाढतच नाही. 2018 मध्ये सशाच्या पेशींच्या सोबतीने तो प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवता आला. म्हणजे गरमीवरच्या अर्काचं रिंगण कोणी दाखवलं, तर ते दुसऱ्याच कुठल्या तरी जंतूचं. लैंगिक रोगांवरच्या औषधांच्या अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, भिंतींना ते कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मला बघायचाय तो प्रयोग साधा आहे. परम्याच्या जंतूचे दोन सख्खे भाऊ घ्यायचे, एकाचा एमटीआर पंप शाबूत, दुसऱ्याचं त्याचं जनुक काढून टाकलेलं. दोघांवर तोच अर्क, त्याच मात्रेत. बिनपंपाचा आधी मेला, तर अर्कातलं काहीतरी आत पोचतं आणि पंप ते उपसून टाकतो, एवढं कळेल. दोघे एकाच मात्रेला मेले, तर साबणासारखं बाहेरूनच पटल फाडणारं काही आहे का, ते आधी तपासायचं.