जड धातू आणि खुल्या बाजारातील काष्ठौषधी : पार्श्वभूमी

औषधी वनस्पतींमधील शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम यांची चर्चा आपल्याकडे जोर धरू लागली ती २००४ नंतर. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत यांपैकी काही धातू आढळल्याचे त्या वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाने प्रसिद्ध केले. त्यावरचा वाद मुख्यतः भस्मे, रसौषधी (पारा व इतर धातू-खनिजांपासून केलेली औषधे) आणि त्यांच्या शोधन-मारणाभोवती, म्हणजे धातू शुद्ध करून त्यांचे भस्म करण्याच्या प्रक्रियेभोवती, फिरत राहिला, आणि साध्या मुळ्या-सालींचा प्रश्न बाजूला पडला. केंद्र सरकारने १ जानेवारी २००६ पासून निव्वळ वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची केली खरी, पण ती निर्यातीपुरती. परदेशातल्या ग्राहकाची काळजी आधी घेतली गेली, असेच म्हणावे लागते. शिशासाठी दहा लाख भागांत १०, आर्सेनिकसाठी ३, पाऱ्यासाठी १ आणि कॅडमियमसाठी ०.३ भाग अशी मर्यादा ठरली.

नागपुरात इतवारी या बाजारपेठेतल्या काष्ठौषधींच्या, म्हणजे वाळवलेल्या मुळ्या-साली-वेलींच्या, दुकानांत शतावरी, सफेद मुसळी, गुळवेल सुटी, वजनावर मिळते. मुळीच्या सुरकुत्यांत अडकलेली माती धुतल्यावर निघते. परंतु कॅडमियम मुळांवाटे वनस्पतीच्या आत शिरते आणि त्याचा एक स्रोत फॉस्फेटयुक्त खतांतच असतो. शिसे बहुधा मातीच्या वरच्या थरात साचून राहते. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आले, तरी त्याआधीच्या धुराचे शिसे रस्त्याकडेच्या जमिनीतून आपोआप नाहीसे होत नाही. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे आहेत, आणि कोळशाच्या राखेत आर्सेनिक व शिसे अल्प प्रमाणात असतातच. ओली वेल वाळली की पाणी उडून जाते, धातू मात्र तेवढेच राहतात. काढ्यात त्यांचा काही अंश उतरतो. चूर्ण घेतले तर सगळेच पोटात जाते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार परवाना लागतो तो उत्पादनाला, विक्रीला नव्हे. सुट्या मुळीच्या पुडीवर बॅच क्रमांक नसतो आणि ती कोणत्या शिवारातून आली याची नोंदही नसते. त्यामुळे एखाद्या नमुन्यात शिसे सापडलेच, तरी ते राखेतून आले, रस्त्याच्या धुळीतून की वाळवण्याच्या जागेवरून, हे मागे जाऊन शोधण्याची सोय राहत नाही.