टो-हॉल मोड

टो-हॉल मोड : अवजड ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली खास पद्धत. एक बटण दाबले की गिअर केव्हा बदलायचा याचे गिअरबॉक्सचे नेहमीचे नियम बदलतात. चढावर तो खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवतो आणि उतारावर चालकाने ब्रेकला पाय लावताच आपणहून गिअर उतरवून इंजिनाला वेग रोखायला लावतो. इंजिनाची ताकद या बटणाने वाढत नाही; आहे ती ताकद आणि वेग रोखणारा इंजिनाचा आहे तो अडसर योग्य वेळी चाकांपर्यंत पोचतो, एवढेच.

‘टो’ या शब्दाने मराठी माणसाची थोडी गल्लत होते. ‘टोइंग’ म्हटले की नो-पार्किंगमधली गाडी उचलणारी व्हॅन आठवते आणि बंद पडलेली गाडी दोरखंडाने ओढून नेण्याला गॅरेजमध्ये ‘टोचन’ म्हणतात. इथे ‘टो’ म्हणजे मागे जोडलेला, मालाने भरलेला ट्रेलर ओढत नेणे. नाशिकच्या आडगाव नाक्यावर किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांबाहेर उभा असलेला ‘घोडा’ (पुढचे इंजिन आणि केबिन) आणि त्याच्या पाठीवर टेकलेला ट्रेलर ही त्याची आपल्याकडची ओळखीची जोडी.

हे बटण मूळ अमेरिकेतल्या मोठ्या पिकअप गाड्यांचे. तिकडे शेतकरी खरेखुरे घोडे वाहणारे ट्रेलर, बोटी, यंत्रे स्वतःच्या पिकअपला जोडून नेतात. पूर्वी अशा गाडीत फक्त ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सपाट रस्त्यावर कमी फेऱ्यांत पळवणारा सर्वांत वरचा गिअर, बंद करायची सोय असे. १९९९च्या शेव्हरोले सिल्व्हराडोत ‘टो-हॉल’ नावाचे बटण आले. २००१ साली ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाबरोबर ॲलिसन गिअरबॉक्स आला आणि उतारावर गिअर आपोआप उतरवण्याचे काम पुष्कळ सुधारले. पुढे फोर्ड आणि रॅम यांच्या डिझेल गाड्यांतही ही सोय रुळली.

चढावरचे काम. भरलेली गाडी चढाला लागली की साध्या पद्धतीत गिअरबॉक्स गोंधळतो. वेग थोडा वाढला की वरचा गिअर टाकतो, तिथे इंजिन दमते, म्हणून पुन्हा खालचा टाकतो आणि हे चढ संपेपर्यंत चालते. प्रत्येक अदलाबदलीत आतल्या क्लच-पट्ट्या घासतात आणि तेल तापते. टो-हॉल मोडमध्ये वरचा गिअर उशिरा पडतो, पडतो तेव्हा घट्ट पडतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, तोही लवकर लॉक होतो, त्यामुळे तेलात घसरून वाया जाणारी ताकद वाचते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खरा शत्रू उष्णता आहे आणि बटणाचा चढावरचा फायदा तेल थंड राहण्यात आहे.

उतारावरचे काम. या मोडची खरी किंमत उतारावर कळते. त्यासाठी डिझेल इंजिनाचा एक स्वभाव माहीत हवा. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते, इंजिनाला हवा ओढायला कष्ट पडतात आणि गाडी मागे खेचल्यासारखी होते. साध्या डिझेल इंजिनात हवेची वाट उघडीच असते, फक्त डिझेल थांबते. त्यामुळे डिझेलचा नैसर्गिक अडसर कमी. ही उणीव भरायला एक्झॉस्ट ब्रेक आला: सायलेन्सरच्या वाटेवर झडप लावायची, धूर अडवायचा आणि पिस्टनला त्या कोंडलेल्या दाबाविरुद्ध काम करायला लावायचे. त्याहून जोरकस म्हणजे कॉम्प्रेशन ब्रेक. त्यात पिस्टनने दाबलेली हवा ऐन टोकाला बाहेर सोडून देतात. स्प्रिंग दाबायची मेहनत घ्यायची आणि तिची उसळी मिळू द्यायची नाही, असा प्रकार. तो डिझेल इंजिने बनवणारे अमेरिकन अभियंते क्लेसी कमिन्स यांनी शोधला. १९३१ साली कॅलिफोर्नियातला कहोन घाट उतरताना त्यांच्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले आणि पायथ्याच्या फाटकावर रेल्वेगाडीची धडक थोडक्यात हुकली. तो प्रसंग त्यांच्या मनातून गेला नाही. जेकब्स कंपनीने १९६१ साली हा ब्रेक बाजारात आणला.

हे दोन्ही अडसर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. फेरे जास्त तर अडसर जास्त. वरच्या गिअरमध्ये फेरे कमी, म्हणून एक्झॉस्ट ब्रेक चालू असूनही गाडी पळतच राहते. टो-हॉल मोड गिअर उतरवून फेरे वाढवतो आणि अडसराला बळ देतो. बटण आणि एक्झॉस्ट ब्रेक ही जोडी आहे; एकाशिवाय दुसरे अर्धे.

नाशिकचे घाट. नाशिकहून मुंबईकडे निघालेला ट्रेलर विल्होळी, घोटी, इगतपुरीपर्यंत पठारावरूनच जातो. तेवढ्या वाटेत ब्रेकची खरी परीक्षा होतच नाही. मग इगतपुरीच्या पुढे जमीन एकदम सुटते. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, कसारा ३००च्या आसपास. याच थळ (कसारा) घाटातून १८६५ साली रेल्वे गेली. रुळांचा चढ ३७ला १ असा असून वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला आजही मागून ढकलणारी जादा ‘बँकर’ इंजिने लावतात. उतरताना ताबा सुटलेली गाडी वळवून घेण्यासाठी रेल्वेने घाटात कॅच सायडिंग, म्हणजे बाजूला काढलेला रूळ, ठेवले आहे.

५५ टनांचा भरलेला ट्रेलर ३०० मीटर खाली येतो तेव्हा किती ऊर्जा जिरवावी लागते, याचा हिशेब शाळेच्या सूत्राने मांडता येतो. ती सुमारे १६ कोटी ज्यूल, म्हणजे ४५ युनिट वीज भरते. एवढ्यात ५०० लिटर पाणी उकळीला येईल. टायर आणि हवा मिळून यातला अंदाजे चौथा हिस्सा खातात. उरलेली सगळी उष्णता एकतर इंजिनाच्या नळकांड्यातून हवेत जाते, नाहीतर ब्रेकच्या ड्रममध्ये साठते. ड्रम तापला की पसरतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर सरकतो, आणि तापलेल्या लायनरची पकडही घटते. चालक पेडल दाबत राहतो, ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा खाली येत राहतो, गाडी काही थांबत नाही. ‘ब्रेक फेल’ म्हणून बातमी येते, त्यातल्या पुष्कळ वेळी काही तुटलेले नसते. ब्रेक फक्त तापलेले असतात.

द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, दिंडोरी-पिंपळगावकडचे वातानुकूलित कंटेनर रात्री न्हावा-शेव्याकडे निघतात. इगतपुरीच्या चहाच्या टपरीपाशी जुना चालक गाडी थांबवतो. चहा आधी नाही. हातात टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन तो एकेका टायरवर मारत जातो. ‘ठण्ण’ आवाज आला की पुढे, ‘धप्प’ आला की थांबायचे. मग चाकांच्या मधोमध तळहात जरा दुरून धरून ड्रमची धग बघतो. क्लीनरला हवेचा काटा वाचायला सांगतो. मग चहा, आणि निघताना सपाटीवरच, उतार लागायच्या आत, हवा तो गिअर. पूर्वापार चालत आलेला नियम एकच आहे: ज्या गिअरमध्ये हा घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. टो-हॉल मोड म्हणजे हाच नियम यंत्राला शिकवलेला आहे. तो शिकवणाऱ्या अभियंत्यांइतकेच श्रेय त्या चालकांना द्यायला हवे.

सिन्नरच्या अलीकडचा मोहदरी घाट, चांदवडजवळचा राहुड घाट, पेठ रस्त्यावरचा सावळघाट, सापुताऱ्याची वळणे, यांनाही हाच नियम लागू पडतो. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यावरचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा कसारा घाटाची वळणे टाळून जातो. जुन्या महामार्गाने जाणाऱ्या ट्रेलरला मात्र घाट आहे तसाच आहे.

भारतीय ट्रकमधले पर्याय. आपल्याकडच्या बहुतेक ट्रेलरला हाताचा गिअर असतो, म्हणजे टो-हॉलचे काम चालकाच्या डाव्या हातात असते. डॅशबोर्डवर दिसणारी हलका-भारी मालाची बटणे निराळी: महिंद्रा ब्लाझोत ‘टर्बो, हेवी, लाइट’ असे तीन पर्याय आहेत, ते इंजिन किती ताकद देईल हे ठरवतात. गिअर केव्हा उतरवायचा हे ती बटणे सांगत नाहीत, आणि उतारावर त्यांच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. अलीकडे एएमटी, म्हणजे यंत्रच गिअर बदलते असे ट्रक वाढले आहेत. त्यांत क्लच पेडल नसते, पण आतला गिअरबॉक्स हाताच्याच गिअरसारखा असतो. व्होल्वोच्या आय-शिफ्टमध्ये इंजिन ब्रेकचा दांडा शेवटच्या खाचेत नेला की गिअरबॉक्स आपणहून खालचा गिअर निवडतो. टो-हॉलचा हा सर्वांत जवळचा नातेवाईक. इतर एएमटीमध्ये घाटाआधी मॅन्युअलवर जाऊन गिअर बांधून घ्यावा.

न्यूट्रल मारून घाट उतरण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि डिझेल वाचते म्हणून तिचे समर्थन होते, हे फार खटकते. आजच्या इंजिनात गिअर लावून, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात. चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला डिझेल जळतेच. म्हणजे वाचत काहीच नाही आणि इंजिनाचा अडसर हातचा जातो.

मर्यादा. वेग वाढून गेल्यावर कोणताही मोड उपयोगी पडत नाही. हाताच्या गिअरमध्ये तर त्या घडीला गिअर काढला तर दुसरा पडतच नाही आणि गाडी आपोआप न्यूट्रल होते. घाटातल्या अपघातांची ही नेहमीची सुरुवात. फार खालचा गिअर जबरदस्तीने टाकणेही वाईट. फेऱ्यांवर मर्यादा ठेवणारा गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, पण चाकांनी फिरवलेले इंजिन तो थांबवू शकत नाही. फेरे मर्यादेपलीकडे गेले की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. पावसाळ्यात, विशेषतः रिकाम्या ट्रेलरला, इंजिनाचा अडसर फक्त घोड्याच्या मागच्या चाकांवर येतो. ओल्या डांबरावर ती चाके घसरली तर मागचा ट्रेलर घोड्याला बाजूने ढकलतो आणि दोघांची घडी होते. तेव्हा एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवून वेग आधीच कमी करणे बरे. सपाट रस्त्यावर हलका माल असेल तर टो-हॉल मोडने विनाकारण फेरे वाढतात, डिझेल जास्त जाते.

मोड चालू असतानाही पायाचा ब्रेक लागतोच. तो सतत टेकवून ठेवण्यापेक्षा एकदा नेमका दाबून वेग आठ-दहा किलोमीटरने उतरवायचा आणि सोडून द्यायचा. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. कसाऱ्याला खाली पोचल्यावर लायनरचा जळका वास आला तर गाडी सपाटीवर घ्यावी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, ओतीव लोखंडाला तडा जातो. हँडब्रेकही लगेच ओढू नये. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून दगड लावून ड्रम निवेपर्यंत थांबावे.